ग्रुप वन की ग्रुप टू: पहिला टँकर कुठला मागवावा

माझ्या भाच्यानं भोसरीत एक गाळा घेतलाय, इंजिन ऑइल ब्लेंडिंगचं छोटं युनिट टाकतोय, दुचाकीचं २०डब्ल्यू-४० आणि पुढंमागं १०डब्ल्यू-३०, सध्या एवढंच. केटल ठरली, हीटर ठरला, पाऊच भरायचं मशीन पण सेकंडहँड मिळालं, आणि घोडं अडलं ते बेस ऑइलवर, म्हणजे ज्यात बाकीची रसायनं मिसळून इंजिन ऑइल होतं त्या मूळ तेलावर. रविवारी जेवताना म्हणाला, "मामा, ग्रुप वन घेऊ का ग्रुप टू, एका शब्दात सांग." मी वरणभात कालवता कालवता पाऊण तास बोललो, शेवटी बहिणीनं ताटं उचलली. तेच जरा सावकाश लिहून काढतो, कारण हा प्रश्न वर्षातून तीनचार जण तरी विचारतातच. मी स्वतः पंधरा वर्षं अशाच एका छोट्या युनिटात ब्लेंडिंग आणि लॅब दोन्ही बघतोय, पहिली आठ वर्षं ग्रुप वनवर गेली आणि नंतरची ग्रुप टूवर, त्यामुळे दोघांशीही संसार करून झालाय.

सॅच्युरेट्स (सहज न बिघडणारे रेणू) ९० टक्क्यांच्या वर का खाली, गंधक ०.०३ टक्क्याच्या आत का बाहेर, ही व्याख्या ज्याला टँकर मागवायचाय त्याला पाठच असते, ती सोडून देतो. कामाच्या भाषेत बोलायचं तर ग्रुप वन म्हणजे धुऊन काढलेलं तेल, नको असलेला माल सॉल्व्हंटमध्ये विरघळवून बाजूला काढलाय, आणि ग्रुप टू म्हणजे हायड्रोजनच्या दाबाखाली त्या नको असलेल्या रेणूंचंच रूप बदलून टाकलेलं तेल. धुतलेल्या कपड्यात डाग थोडा राहतोच. आता तो डाग वाईटच असतो असं नाही, आणि इथंच लोकांची गडबड होते, पोरं इंटरनेटवर वाचून येतात की ग्रुप टू शुद्ध म्हणजे ग्रुप वन भंगार. तसं नाहीये ते.

ग्रुप वनमध्ये जे अरोमॅटिक, म्हणजे त्या न धुतल्या गेलेल्या डागातले रेणू, उरतात ना, त्यांच्यामुळे तेलाला विरघळवायची ताकद येते. अ‍ॅडिटिव्ह पॅक (तेलाला गुण देणाऱ्या रसायनांचं तयार मिश्रण) टाकला की निमूटपणे मिसळतो, व्हीआय इम्प्रूव्हर, म्हणजे तापल्यावर तेल फार पातळ होऊ न देणारा घटक, लवकर जिरतो, आणि जुन्या गाड्यांची रबरी सीलं जरा फुगलेली, म्हणजे टाइट राहतात. चूक झाली तरी हे तेल पोटात घालतं. नवशिक्या ऑपरेटर असेल, तापमान ६० ऐवजी ५० वर असतानाच पॅक ओतला असेल, तरी सकाळी बॅच बहुतेक वेळा स्वच्छ दिसते. शिवाय गिअर ऑइलसारखा जाड माल करायचा असेल तर ब्राइट स्टॉक, म्हणजे सगळ्यात जाड बेस ऑइल, लागतो, तो ग्रुप वनवाल्यांच्याच घरचा, ग्रुप टूत तेवढं जाड तेल सहजासहजी मिळत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ग्रुप वन ड्रमावर मिळतं, चार ड्रम घ्या, दहा घ्या, ग्रुप टूवाला मात्र शक्यतो टँकरच गळ्यात घालतो. ज्याचं भांडवल बेताचं आहे त्याच्यासाठी हा मुद्दा बाकी सगळ्या केमिस्ट्रीपेक्षा भारी पडू शकतो, मी नाकारत नाही.

मग मी का सोडलं? एका जुलै महिन्यातल्या रात्रीमुळे. म्हणजे खरं तर त्या आधीच्या आठ वर्षांतल्या कटकटीमुळे, पण ती रात्र निमित्त झाली.

ग्रुप वनचा त्रास एकच, दोन टँकर सारखे येत नाहीत. एसएन ५०० (ग्रुप वनमधलं जाड तेल, एसएन १५० हे पातळ) मागवलं की १०० डिग्रीला व्हिस्कॉसिटी, म्हणजे जाडपणा, साधारण १०.८ सीएसटी (जाडपणाचं एकक) धरून आम्ही रेसिपी कार्ड बनवलं होतं. एक टँकर यायचा १०.९, पुढचा १०.४, मग एकदम ११.१. रंगही तसाच, कधी मधासारखा, कधी काळ्या चहासारखा. मोठ्या कंपन्यांना याचं काही वाटत नाही, त्यांच्याकडे मोठाल्या टाक्या असतात, पाच टँकर एकात एक रिकामे केले की सरासरी आपोआप निघते. आपल्याकडे एक २५ हजार लिटरची टाकी आणि तीपण दर वेळी तळापर्यंत खरवडलेली. त्यामुळे टँकर आला की नमुना लावा, कार्ड बदला, परत गणित मांडा.

आणि गणित सरळ सरासरीचं नसतं, हे नवीन माणसाला पटतच नाही. ५.२ सीएसटीचं एसएन १५० आणि १०.८ चं एसएन ५०० निम्मंनिम्मं मिसळलं तर उत्तर ८ येत नाही, साडेसातच्या आसपास येतं, किंचित कमीच. पातळ तेल नेहमी आपल्या बाजूला ओढतं, ताकात पाणी घातल्यासारखं, जरा जास्त पडलं की गेलंच ते. म्हणून लॉगचा तक्ता घेऊन बसायचं. शाळेत लॉग टेबलला शिव्या दिल्या होत्या, तेच टेबल लॅमिनेट करून केटलशेजारी टांगून ठेवलं होतं मी.

तर त्या जुलैमध्ये पाऊस धो धो, टँकर बोरघाटात अडकून एक दिवस उशिरा आला, पार्टी फोनवर फोन करत होती की माल कधी, आणि मी टँकरवाल्याचं सर्टिफिकेट बघितलं, घनता बघितली आणि व्हिस्कॉसिटीचा नमुना न लावताच टाकी भरून घेतली. चूक माझी, कबूल. सर्टिफिकेटवर १०.८ लिहिलेलं. जुन्याच कार्डावर ४८०० लिटरची बॅच लावली, टार्गेट साडेतेरा. रात्री नऊला नमुना व्हिस्कॉसिटी मोजायच्या बाथमध्ये लावला, ट्यूबमधून तेल खाली आलं आणि घड्याळ थांबवलं, उत्तर १२.४. परत लावला, १२.४. ज्यांनी हे काम केलंय त्यांना कळेल पोटात काय होतं ते, कारण २०डब्ल्यू-४० मधला ४० ग्रेड, म्हणजे १०० डिग्रीचा जाडपणा, सुरू होतो १२.५ पासून. एका दशांशानं बॅच नापास. मग टाकीतलं नुसतं एसएन ५०० तपासलं, ते निघालं ९.७. कोणीतरी मधल्या मध्ये त्यात पातळ तेल ढकललं होतं, कोणी ते आजतागायत कळलं नाही.

आता उचलायचं कसं? व्हीआय इम्प्रूव्हर संपलेला, मुंबईहून यायला दोन दिवस. मग ब्राइट स्टॉक. ३१ सीएसटीचं तेल, गणित केलं तर साधारण नऊ टक्के लागत होतं, म्हणजे साडेचारशे लिटरच्या वर. केटल पाच हजाराची, जागा शिल्लक दोनशे लिटर. म्हणजे आधी दोन ड्रम बाहेर काढा, मग ब्राइट स्टॉक ओता, आणि एवढं तेल वरून ओतल्यावर अ‍ॅडिटिव्ह पातळ झाला, तर तोही परत वाढवा. पहाटे चारला १३.५ आलं. मी आणि ऑपरेटर पावसात बाहेर जाऊन टपरीवर चहा प्यायलो, वाटलं जिंकलो. तीन दिवसांनी बाहेरच्या लॅबचा कोल्ड क्रँकिंगचा, म्हणजे थंडीत तेल किती घट्ट होतं त्याचा, रिपोर्ट आला, उणे १५ डिग्रीला ९५०० सेंटीपॉइजच्या आत पाहिजे, ते वर गेलेलं, कारण ब्राइट स्टॉक थंडीत दगड होतो. म्हणजे गरम बाजूचं ४० झालं पण थंडीतलं २०डब्ल्यू गेलं. पुण्यात उणे पंधरा कधी होणार, असं मालक म्हणाले, आणि ते खरंच आहे, इथं जानेवारीत पहाटे आठ-दहा डिग्री झालं तरी लोक स्वेटरचे फोटो टाकतात, पण डब्यावर २०डब्ल्यू छापलंय तर आत २०डब्ल्यूच पाहिजे. ती बॅच पुढच्या दहा बॅचमध्ये थोडी थोडी करून जिरवली, दर वेळी कार्डात एक जास्तीची ओळ.

तुम्ही म्हणाल की यात ग्रुप वनचा काय दोष, टँकर तपासला असता तर झालं असतं. बरोबर आहे. भेसळ ग्रुप टूतही करणारे करतील. पण माझं म्हणणं असं की आठ वर्षं रोज तपासून, रोज गणित करून माणूस एक दिवस थकतोच, आणि ज्या तेलाच्या बाबतीत थकायची सोय नाही ते तेल छोट्या युनिटला परवडत नाही. मोठ्यांकडे तीन शिफ्टला तीन केमिस्ट असतात. आपल्याकडे केमिस्ट, स्टोअरकीपर आणि कधीकधी टेम्पोला धक्का मारणारा, सगळा एकच माणूस.

ग्रुप टूवर आल्यापासूनची माझी वही आहे, एन ५०० च्या टँकरची, म्हणजे एसएन ५०० च्या जोडीचं ग्रुप टू तेल. १०.६, १०.७, १०.६, १०.७, १०.७. वाचायला कंटाळवाणी आहे, म्हणूनच आवडते. अर्थात ही एका युनिटची एक वही, माझे सप्लायर चांगले निघाले असतील, तुमचे निघतीलच असं मी म्हणत नाही. पण हायड्रोजनच्या प्रोसेसमध्ये कच्च्या तेलाची जात बदलली तरी शेवटचा माल बराच एकसारखा काढता येतो, हे तर्कालाही धरून आहे.

आता ग्रुप टूची रडगाणी पण ऐका, नाहीतर म्हणाल मामा एकतर्फी बोलतो.

पहिलं रडगाणं रंगाचं. ग्रुप टू दिसतं पाण्यासारखं. पहिला माल नाना पेठेत दिला तर दुकानदारानं बाटली उन्हात धरली आणि म्हणाला, "साहेब, यात तेल कुठंय?" मी त्याला ऑक्सिडेशन, म्हणजे हवेनं तेल कसं बिघडतं ते, समजावत होतो आणि तो अंगठा आणि बोटात तेल चोळून बघत होता. चोळून बघणाऱ्याला लॅब रिपोर्ट दाखवून उपयोग नसतो. शेवटी लाल डाय टाकला, तोच दुकानदार म्हणाला आता कसं दमदार वाटतंय. डायनं तेलात शून्य फरक पडतो, खर्च मात्र पडतो.

दुसरं म्हणजे विरघळायचा आळस. व्हीआय इम्प्रूव्हरच्या घट्ट रबरासारख्या वड्या आणून स्वतः विरघळवणार असाल तर ग्रुप वनपेक्षा ग्रुप टूत जास्त वेळ द्यावा लागतो, तापमान नीट धरावं लागतं, घाई केली तर तळाशी जेली सापडते. आम्ही सरळ तयार लिक्विड घ्यायला लागलो, महाग पडतं पण झोप मिळते. अ‍ॅडिटिव्ह पॅकचंही तसंच, केटल ६० च्या वर गेल्याशिवाय हात लावायचा नाही आणि नंतर ढवळण्यात कंजुषी करायची नाही. एकदा डिसेंबरमध्ये घाईनं भरलेल्या बाटल्यांत धुकं दिसलं होतं, बारीकसं, पण दिसलं.

तिसरं सीलचं. माझ्या मेव्हण्याकडे एक जुनी स्कूटर आहे, फोर स्ट्रोक, नुसतं ग्रुप टूचं तेल घातल्यावर महिन्याभरात पार्किंगमध्ये थेंब पडायला लागले. आधीच्या तेलानं जुनी सीलं फुगवून धरली होती, नव्यानं ती सवय मोडली, असं मला वाटतं. नवीन गाड्यांत हा प्रश्न मला तरी आला नाही.

यावर उपाय मी हळूहळू शोधला आणि माझी आवड तिथंच आहे, म्हणजे निव्वळ ग्रुप टू नाहीच. बेसमध्ये दहा टक्क्यांच्या आसपास ग्रुप वनचं एसएन ५०० ठेवायचं. फोडणीपुरतं. विरघळायची ताकद परत येते, सीलं खूश राहतात, आणि त्या दहा टक्क्यांत टँकरनं थोडी दगाबाजी केली तरी अख्ख्या बॅचवर फरक पडतो नखाएवढा. मेव्हण्याच्या स्कूटरचे थेंब यानं कमी झाले, बंद झाले म्हणणार नाही. मोठे लोक याच कामाला एस्टर नावाचं महागडं सिंथेटिक तेल वापरतात, पीएओ हे दुसरं सिंथेटिक बेस ऑइल तर सीलं आकसवतं म्हणून त्यात एस्टर घालावंच लागतं, पण २०डब्ल्यू-४० च्या पाऊचमध्ये एस्टर घालणं म्हणजे पिठलंभाताला केशर.

एक सावधगिरी मात्र आहे. तुम्ही कुठल्या कंपनीची मान्यता घेतलेला किंवा अ‍ॅडिटिव्हवाल्यानं टेस्ट करून दिलेला फॉर्म्युला वापरत असाल तर बेस असा मनानं बदलायचा नाही, त्यांच्याकडून लेखी घ्यायचं. बेस बदलला की तेच अ‍ॅडिटिव्ह वेगळं वागू शकतं आणि इंजिन टेस्टचा जुना रिपोर्ट तुमच्या नव्या तेलाला लागू पडत नाही.

गाडीत काय फरक पडतो हे विचाराल तर माझ्याकडे डायनो, म्हणजे इंजिन तपासायचं यंत्र, नाही, माझ्याकडे १५० सीसीची बाईक आहे आणि कोथरूड ते भोसरी रोजचा रस्ता आहे. गिअरच्या बाईकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच सगळ्यांना एकच लिटरभर तेल, त्यात गिअरचे दात व्हीआय इम्प्रूव्हरच्या लांब साखळ्या अक्षरशः कातरतात, तेल पातळ होत जातं. अ‍ॅडिटिव्ह पॅक तोच ठेवून दोन्ही बेसचं तेल मी आलटून पालटून घातलंय. ग्रुप वनवालं दोन हजार किलोमीटरच्या आत नाशिक फाट्याच्या सिग्नलला न्यूट्रल शोधायला लावायचं, पायानं टक टक टक, मागचे हॉर्न मारतायत. ग्रुप टूवालं अडीच हजारापर्यंत तरी मऊ राहतं. बेसचा व्हीआय, म्हणजे तापल्यावर कमी पातळ व्हायचा गुण, थोडा बरा असल्यानं इम्प्रूव्हर कमी लागतो, कातरायला कमी मिळतं, असं मी मनाशी लावलेलं कारण आहे. माझा पाय हे काही उपकरण नाही हे मान्य, पण गिऱ्हाईक पण पायानंच ठरवतं.

१०डब्ल्यू-३० चा विषय आला की मात्र मी घुटमळत नाही. तिथं ग्रुप वन धरून बसणं म्हणजे स्वतःला त्रास. कोल्ड क्रँकिंग उणे २५ डिग्रीला ७००० सेंटीपॉइजच्या आत बसवायचं तर एसएन १५० भरपूर घालावं लागतं, आणि ते गरम झालं की उडतं. जासोच्या टी ९०३ मध्ये, म्हणजे दुचाकीच्या तेलाच्या जपानी मानकात, बाष्पीभवनाला मर्यादा आहे, तिथं दम लागतो. ग्रुप टू आणि त्यात थोडं ग्रुप थ्री (हायड्रोजनची प्रक्रिया आणखी कडक करून काढलेलं, जास्त व्हीआयचं तेल), ४ किंवा ६ सीएसटीचं, की काम सरळ होतं. बीएस-६ च्या कितीतरी स्कूटर १०डब्ल्यू-३० मागतात, त्यामुळे भाच्याला आज ना उद्या ते करावंच लागणार. ग्रुप थ्री घातलं म्हणून डब्यावर सिंथेटिक छापायचा मोह होतो. अमेरिकेत १९९९ मध्ये त्यावरून दोन मोठ्या कंपन्यांचं भांडण जाहिरातींच्या पंचायतीपुढं गेलं आणि ग्रुप थ्रीला सिंथेटिक म्हणायला वाट मोकळी झाली, जर्मनीत मात्र अजून तसं चालत नाही. आपण दहा टक्के घालून 'सिंथेटिक टेक्नॉलॉजी' असं मोठ्या अक्षरात छापावं का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी छापत नाही.

भावाचं काय, तर ग्रुप टू महाग पडतं बहुतेक वेळा, पण फरक रोज हलतो, डॉलर आणि क्रूडच्या तालावर, आणि मध्ये काही महिने तर तो इतका कमी झाला होता की ग्रुप वन घेणारे वेडे वाटत होते. माल माहुलच्या सरकारी रिफायनऱ्यांचा मिळतो, कोरियाचा इंपोर्ट मिळतो, मुंबई जवळ असल्याचा आपल्याला फायदाच आहे. जगात ग्रुप वनचे प्लांट बंद होत चाललेत, तेव्हा पुढच्या दहा वर्षांचा विचार केला तर तो सप्लाय वाढणार नाही एवढं नक्की. रि-रिफाइंड, म्हणजे वापरलेलं तेल परत शुद्ध करून काढलेलं, बेस ऑइलही यात हळूहळू येणारच, १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलाची ईपीआर, म्हणजे विकलेल्या मालाची पुढची विल्हेवाट उत्पादकानं बघायची, ही जबाबदारी लागू झालीये, पण त्याचा दर्जा प्लांटगणिक इतका बदलतो की माझ्या त्या जुलैच्या रात्रीनंतर मला सुरुवात त्यानं करायची छाती होत नाही.

आणि ड्रमावर ग्रुप वन घेणार असाल, फोडणीपुरतं का होईना, तर पावसाळ्यात ड्रम उभे ठेवू नका. वर पाणी साचतं, दिवसरात्रीच्या गरम-थंडीत ड्रम श्वास घेतो आणि बुचातून पाणी आत ओढतो. आडवे ठेवा, दोन्ही बुचं तीन आणि नऊ वाजल्याच्या रेषेत. शंका आली तर तापलेल्या तव्यावर एक थेंब टाका, फोडणीसारखं तडतडलं तर पाणी आहे.

तर ज्याचा माल मुख्यतः गिअर ऑइल आणि स्वस्तातलं मोनोग्रेड (थंडी-गरमीचा जोडग्रेड नसलेलं एकाच ग्रेडचं तेल) आहे, जागा कमी आहे, ड्रमावर धंदा आहे, त्यानं ग्रुप वन खुशाल घ्यावं, फक्त प्रत्येक नग तपासावा. दुचाकीचं मल्टिग्रेड करायचं असेल आणि लॅबमध्ये तुम्ही एकटेच असाल तर मी तरी ग्रुप टूकडे बोट दाखवीन, भाव थोडा जास्त असला तरी. रात्री जेवायला घरी जाता येतं.

भाच्यानं परवा फोन केला, एन ५०० चा टँकर बुक केला म्हणाला, टाकी धुऊन ठेवलीये. आणि वर दोन ड्रम एसएन ५०० चे. मी म्हटलं, फोडणीचं ऐकलंस तर. तर म्हणाला, "त्यासाठी नाही रे मामा, पहिली बॅच आजोबांच्या स्कूटरमध्ये घालायचीये, आणि ती आत्ताच गळतीये."